जसेच्या तसे

चौतीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे द्यावयाचे असतील तेव्हा दुहेरी अवतरणचिन्ह वापरावे, हा नियम त्या अवधीत मी मुलांकडून किती वेळा म्हणवून घेतला असेल, ते त्या मुलांनाच ठाऊक. कोणी अवतरणचिन्ह उघडून मिटावयास विसरला, की माझी तांबडी पेन्सिल त्याच्या वहीवर तुटून पडे. पण त्या चिन्हांची खरी किंमत मला सत्तरी उलटल्यावर कळली, आणि तीही माझ्या पुतणीकडून. गुरुजींना धाकट्यांनी शिकवावे यात आता कोणाला नवल वाटत नाही. नवल एवढेच की, तो धडा चकलीपासून सुरू झाला आणि आमच्या घरातील बेचाळीस वर्षांच्या अबोल्यापाशी जाऊन थांबला.

२०१९ सालच्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या सौभाग्यवतींच्या चकल्या तळल्या त्या दिवशी कुरकुरीत होत्या, पण दुसऱ्या दिवशी डब्याचे झाकण उघडले तो सगळ्या मऊ. भाजणी नेहमीच्याच गिरणीतली, मोहनही नेहमीच्याच मापाचे. घरात सुतकी वातावरण पसरले. अशा प्रसंगी पुरुषमाणसाने काहीतरी केल्यासारखे दाखवावे म्हणून मी संगणकापुढे बसलो आणि टाइप केले: चकली मऊ का पडते. यंत्राने क्षणात माझ्यापुढे ढीग ओतला. त्यात चकली विकणारी दुकाने होती, पितळी सोऱ्यांच्या जाहिराती होत्या, मऊ पोळ्यांच्या युक्त्या होत्या; नव्हते ते फक्त माझ्या प्रश्नाचे उत्तर.

माझी पुतणी शुभा फराळाला आली होती. ती संगणकाच्याच धंद्यात आहे. ती मागे उभी राहून हसत होती. म्हणाली, "काका, तुम्ही त्याला सुटे शब्द दिलेत, त्याने सुटे शब्द शोधले. अख्खं वाक्य हवं असेल तर ते अवतरणचिन्हांत घाला." मी मुकाट्याने "चकली मऊ पडली" असे तीन शब्द अवतरणात घालून पाहिले. ढीग ओसरला, आणि हेच रडगाणे ह्याच शब्दांत गाणाऱ्या चार बायका कोठून कोठून समोर आल्या. त्यांना मिळालेले उत्तरही तेथेच होते: मोठ्या आचेवर घाईने तळले की चकली वरून लाल होते आणि आत ओल राहते. सौभाग्यवतींनी दुसरा घाणा मंद आचेवर काढला. असो.

चकलीसाठी कोणी दिवाळी अंकात लेख लिहीत नाही. पण त्या दिवशी माझ्या मनात आले की, जगातले कोणाचेही वाक्य असे जसेच्या तसे शोधता येत असेल, तर मला एक वाक्य शोधावयाचे आहे. ते वाक्य आमच्या वडिलांचे होते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते टपाल खात्यात होते. बदलीची नोकरी, आज नाशिक, तर दोन वर्षांनी अकोला. दादा, अक्का आणि मी अशा तिघांना घेऊन आई पुण्याला राहत असे. दर आठवड्याला अण्णांचे पत्र यायचे. ते वाचून झाले की आई ते स्वयंपाकघरातल्या तारेला टोचून ठेवी. तार भरली की ट्रंकेत जाई आणि नवी तार लागे.

१९७९ च्या जानेवारीत अण्णा अक्काकडे इंदूरला होते. दापोलीकडे आमच्या गावी थोडी जागा होती. पडके घर आणि सात कलमे. आजोबांनी ती मोठा नातू म्हणून दादाच्या नावे करून ठेवलेली. सही दादाची आणि शब्द अण्णांचा, अशी घरची रीत. त्या सुमारास एक गिऱ्हाईक आले होते. दादाने काय करावे असे डोंबिवलीहून विचारले, त्यावर अण्णांचे इंग्रजी चवथ्या तारखेचे उत्तर आले. त्यातली एकच ओळ जागेविषयी होती. अण्णा घाईने लिहिताना शब्द एकमेकांना चिकटवीत. ती ओळ अशी:

"भाव कमीजास्त असला तरी गांवची जागा विकूनये."

पत्र दादाला मिळाले आणि नवव्या दिवशी अण्णा गेले. दादा तेव्हा गावी होता. व्यवहार ठरवून, इसार खिशात घालून तो तसाच इंदूरला आला, तो त्याला अण्णा दिसले नाहीत. बाराव्या दिवशी रात्री जागेचा विषय निघाला. दादाने ते पत्र काढले. मी ते हातात घेतले आणि सगळ्यांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवले: "गावची जागा विकू नये."

"अरे, 'विकून ये' आहे ते," दादा म्हणाला. "जागा विकून इकडे ये, असं."

"मराठीचा मास्तर मी आहे की तू?" मी विचारले.

वडिलांचा शेवटचा शब्द मोडून याने जागा विकली, एवढेच मी म्हणालो. त्यापुढे काय बोललो ते येथे लिहीत नाही. आईला विचारावे, तर अण्णा व्यवहाराच्या गोष्टी तिच्याशी कधी बोलत नसत. तेराव्याचे जेवण आम्ही दोन वेगवेगळ्या पंगतींत केले. जागा विकली गेल्यावर दादाने माझ्या वाट्याचा ड्राफ्ट पाठवला, तो मी परत केला. त्याने ती रक्कम आईच्या नावे ठेवली. आई माझ्याकडे राहत असे. तिच्या औषधपाण्याला जो पैसा मी तिचा साठवलेला समजत होतो, तो तेथून येत होता, हे १९९४ साली ती गेल्यावर तिचे पासबुक पाहून मला समजले. समजूनही मी दादाला दोन ओळी लिहिल्या नाहीत. माझ्यापाशी अण्णांचे वाक्य होते ना!

मुलांनी मात्र हा अबोला पाळला नाही. शुभा ही दादाचीच मुलगी. नोकरीसाठी ती पुण्यास आली, तेव्हापासून आमच्याकडे तिचे येणेजाणे आहे. त्या दिवाळीत जाताना ती म्हणाली, "काका, आजीची ट्रंक मला द्या. अण्णाआजोबांची सगळी पत्रं मी टाइप करून ठेवते. बाबांकडचीही आणते." मी ट्रंक दिली. माझ्या मनात काय होते, ते तिने ओळखले असावे.

मधल्या काळात मी एका गोष्टीचा छडा लावला. हे यंत्र वाक्य शोधते तरी कसे? माझी समजूत अशी की, आपण विचारल्यावर ते कोट्यवधी पाने भराभर चाळते. तसे नाही. पाने त्याने आधीच वाचून ठेवलेली असतात, आणि प्रत्येक शब्दाची एक नोंद केलेली असते: हा शब्द अमुक पानावर, पहिल्यापासून कितवा. समजा, आपण "दिवाळीचा फराळ" असे अवतरणात विचारले. यंत्र 'दिवाळीचा' या शब्दाचे सगळे पत्ते काढते आणि 'फराळ' या शब्दाचेही काढते. मग ज्या पानावर पहिला शब्द चाळिसावा आणि दुसरा एकेचाळिसावा, असे लागोपाठचे आकडे जुळतात, तेवढीच पाने ते आपल्यापुढे ठेवते. अवतरण नसले, तर दोन्ही शब्द पानावर कोठेही असले तरी त्याला चालते. एक शब्द सोडून दिला तरीही चालते. म्हणजे आपण पंगतीत शेजारी बसलेल्या दोघांना शोधत असतो, आणि ते त्या गावातील सगळ्या माणसांची यादी आपल्याला देते.

ही युक्ती संगणकाची नव्हे, हे वाचून मला गंमत वाटली. १२३० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये ह्यूग नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली तेथल्या मठवाशांनी लॅटिन बायबलमधील शब्दांची अशी पहिली सूची तयार केली. १७३७ साली अलेक्झांडर क्रूडन याने इंग्रजी बायबलची सूची एकट्याने करून छापली. १९०६ साली मॉरिस ब्लूमफील्ड या अमेरिकन पंडिताने वेदवाङ्मयातील ओळन्‌ओळ अकारविल्हे लावून दिली. हे सगळे हाताने, कागदाच्या चिठ्ठ्यांवर. रोबेर्तो बूसा नावाच्या इटालियन पाद्र्याला संत थॉमस अक्वायनसच्या ग्रंथांतील सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची सूची करावयाची होती. १९४९ साली तो आयबीएम कंपनीच्या प्रमुखाला, थॉमस वॉटसनला, जाऊन भेटला आणि भोके पाडलेल्या कार्डांच्या यंत्रावर ते काम सुरू झाले. संगणकाला शब्द शोधावयास शिकवणाऱ्या पहिल्या माणसांत एक पाद्री होता, हे फार थोड्यांना माहीत असते.

आणि पुणेकरांना तर इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले. १२५९ हस्तलिखितांचा त्यासाठी उपयोग झाला. डॉ. वि. स. सुखटणकरांनी १९२५ पासून १९४३ साली निधन होईपर्यंत त्याची धुरा वाहिली. काम पुरे झाले ते १९६६ साली. त्यानंतर डॉ. प. ल. वैद्यांच्या संपादकत्वाखाली १९६७ ते १९७२ या काळात प्रतीकसूचीचे सहा खंड निघाले. श्लोकाचा कोणताही चरण घ्या, त्याचा ठिकाणा त्या सूचीत अकारविल्हे दिलेला आहे. निवृत्त झाल्यावर मी ते खंड चाळले होते, तेव्हा माझ्या मनात फक्त कष्टांचे कौतुक आले होते. त्यातले मर्म मागाहून ध्यानात आले. अशा सूचीने एखादे वाक्य कोठे आहे एवढेच समजते असे नाही. हा ग्रंथ, हा लेखक एरवी असे लिहितो की नाही, हेही समजते. एखाद्या ठिकाणी अर्थाचा संशय आला, तर संपादकाला काय आवडते याला तेथे किंमत नाही. साक्ष काढावयाची ती लिखाणाची.

२०२० साली टाळेबंदी आली. बाहेर पडता येईना, तेव्हा संध्याकाळी घरकाम आटोपल्यावर शुभा एक एक पत्र उलगडून टाइप करीत असे. पत्रे ३१६ भरली. तिने एक नियम पाळला: अण्णांनी जसे लिहिले तसेच उतरावयाचे. काना, मात्रा, वेलांटी, बिंदू, शब्दांतली मोकळी जागा किंवा जागा नसणे, कशालाही हात लावावयाचा नाही. मला हे फार पसंत पडले नव्हते. शुद्धलेखन सुधारून घ्यावे, असे मी दोनदा सुचवलेही. तिने ऐकले नाही, हे देवाचे उपकार.

२०२१ च्या जुलैत तिने ती सगळी फाइल माझ्या संगणकात घातली आणि कंट्रोल व एफ ही दोन बटणे एकदम दाबून शोधावयाचे कसे, ते दाखवले. खरे सांगावयाचे तर मी जिंकावयाच्याच तयारीने बसलो होतो. 'असे करू नये, तसे करू नये' हा अण्णांच्या पत्रांचा पाढाच होता. त्यांची शंभर 'नये' काढून ठेवावीत आणि एकशे एकावे 'विकू नये' हे सिद्ध करावे, असा माझा बेत.

मी "करू नये" घातले. यंत्र म्हणाले, नाही. "जाऊ नये" घातले. नाही. "बसू नये", "खाऊ नये", "बोलू नये", एकही नाही! ज्या गृहस्थांनी आमचे सारे बालपण पत्राद्वारे मना करण्यात घालवले, त्यांच्या ३१६ पत्रांत एकदाही "करू नये" असू नये? मी शुभाला फोन करून फाइल बिघडली असल्याचे कळवले.

"फाइल ठीक आहे, काका," ती म्हणाली. "अण्णाआजोबा 'करू' लिहीतच नव्हते. ते 'करूं' लिहीत. टिंब देऊन."

मी फोन हातात धरून तसाच बसलो. वाचकांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल, पूर्वी आपण 'करूं', 'जाऊं', 'नाहीं', 'गांव', 'कांहीं' असे लिहीत असू. ह्या अनुस्वारांचा उच्चार होत नसे. पण प्रत्येकाच्या मागे व्युत्पत्तीचे किंवा व्याकरणाचे काही कारण असे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम सरकारने स्वीकारले आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. १९७२ साली त्या चौदा नियमांत आणखी चारांची भर पडली. मी १९६९ साली नोकरीस लागलो. मुले घरी वडीलमाणसांचे पाहून टिंबे देत, आणि मी ती खोडत असे. माझी अर्धी तांबडी पेन्सिल त्या टिंबांवरच झिजली. अण्णांसारख्यांनी मात्र आपला हात बदलला नाही.

यंत्राला डोळे नसतात, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे. 'करू' आणि 'करूं' एकच, हे आपण जाणतो. ज्या यंत्राला जसेच्या तसे शोधावयास सांगितले, ते जाणत नाही. कोणाला जुन्या मजकुरातले वाक्य हवे असेल, तर त्याने ते जुन्या लेखनातही घालून पाहावे. मराठीत याहून बारीक खोड्याही आहेत. 'ॲ' हे अक्षर यंत्राच्या पोटात एक अखंड अक्षर म्हणून ठेवता येते, आणि 'अ' वर चंद्र देऊनही ठेवता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. 'आचाऱ्यांना' या शब्दातला 'ऱ्य' असाच दोन रीतींनी लिहिला जातो, आणि त्यातल्या एका रीतीत तर न दिसणारे एक चिन्ह मध्ये दडलेले असते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टाइप केलेला बराच मजकूर जुन्या फाँटांत आहे. दिसावयास मराठी, पण आतले संकेत रोमन अक्षरांचे. आणि जुन्या अंकांची नुसती छायाचित्रे ठेवलेली असतात, त्यांत तर यंत्राच्या दृष्टीने अक्षरेच नाहीत. म्हणून यंत्राने 'नाही' म्हटले तरी ते वाक्य जगात नाही असे समजू नये. आपण विचारले तसे नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाक्यही लांबलचक घालू नये. ज्या चार शब्दांविषयी पक्की खात्री असेल, तेवढेच घालावेत. आपण 'घराचे' म्हणत असू आणि लिहिणाऱ्याने 'घरातले' म्हटले असेल, तर तेवढ्यावरही शोध अडतो. आणि खात्री ही चीज किती लबाड असते, ते आता सांगतोच.

मी सगळे सोडून नुसते "नये" एवढे घातले. आता यंत्राने ७१ ठिकाणे दाखवली. एक वही घेतली आणि शाळेत हजेरी मांडावी तशी ती सारी उतरून काढली. दोन रकाने आपोआप पडले.

पहिल्या रकान्यात ६२ वाक्ये. "नदीवर एकटें जाऊं नये." "आईस उलट बोलूं नये." "रात्रीं जागूं नये." बासष्टच्या बासष्ट ठिकाणी अनुस्वार होता आणि 'नये' हा शब्द मोकळा, सुटा लिहिलेला होता. घाईचे पत्र असो, पोस्टकार्डाच्या कडेला कोंबलेली ओळ असो, मना करताना अण्णांचे टिंब कधी चुकले नव्हते.

दुसऱ्या रकान्यात ९ वाक्ये. "मामांस भेटूनये." "दिवाळींत चार दिवस रजा घेऊनये." "शाळेंत फी भरूनये." येथे अनुस्वार नव्हता आणि शब्द चिकटवलेले होते. अर्थ प्रत्येक ठिकाणी उघड होता: भेटून ये, घेऊन ये, भरून ये. मना करावयाचे असेल तर टिंब आणि मोकळी जागा. बोलवावयाचे असेल तर दोन्ही नाही. चाळीस वर्षांच्या लिखाणात एकही अपवाद नाही.

नववे वाक्य इंदूरचे होते.

पेशव्यांच्या इतिहासात 'ध'चा 'मा' केल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १७७३ साली नारायणरावांना 'धरावे' असा हुकूम होता, तो एका अक्षराने 'मारावे' झाला, असे म्हणतात. ती गोष्ट वर्गात सांगताना मी मोठा रंगून जात असे. अक्षराला जपा, असे मुलांना बजावत असे. आणि मी स्वतः काय केले होते? जेथे टिंब नव्हते तेथे ते नसल्याचे माझ्या ध्यानातच आले नाही, कारण टिंबाशिवाय वाचण्याची सवय मीच मला लावून घेतली होती. त्याच ओळीत 'गांवची' या शब्दावर अण्णांचे टिंब ठसठशीत बसलेले होते. ज्याने 'गांव' वर टिंब दिले, तो 'विकूं' वर देण्यास विसरेल? चवथीतल्या मुलालाही सुचावे असा प्रश्न. तो सुचावयास मला बेचाळीस वर्षे आणि एक यंत्र लागले. दादाने व्याकरण पाहिले नव्हते. थोरला मुलगा म्हणून तो अण्णांची पत्रे सर्वांत जास्त वाचत आला होता. त्याला नुसते पाहूनच कळले होते.

संध्याकाळी शुभा आली. मी वही तिच्यापुढे सरकवली. ती वाचून म्हणाली, "टाइप करतानाच माझ्या लक्षात आलं होतं, काका."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असतात, मराठीची मास्तर तू आहेस की मी."

त्या वर्षीच्या दिवाळीत शुभाबरोबर मी आणि सौभाग्यवती डोंबिवलीला गेलो. मी ती ७१ वाक्ये स्वच्छ अक्षरांत उतरून नेली होती. पुरावा पुढे ठेवावा आणि मग क्षमा मागावी, असा मास्तरी बेत. दार दादानेच उघडले. तेव्हा तो ८१ वर्षांचा होता. मला वाटले होते त्यापेक्षा तो बुटका झाला होता, आणि बसल्यावर अगदी अण्णांसारखा दिसत होता. मी कागद पुढे केला. त्याने चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि कागद घडी करून परत दिला.

"एवढं शोधत कशाला बसलास?" तो म्हणाला. "मला विचारायचं होतंस."

"तेव्हा विचारलं असतं तर..." मी म्हणू लागलो.

"तेव्हा तू विचारलं नाहीस. तू वाचून दाखवलंस."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. वहिनींनी आतून फराळाची ताटे आणली. सौभाग्यवतींनी आमचा चकलीचा डबा उघडला. दादाने एक चकली मोडली, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, आणि मग अण्णांना चकली किती कडक लागे यावर आम्ही दोघे एकदम बोलू लागलो.

शुभाने टाइप केलेली ती फाइल आता आमच्या सगळ्यांच्या घरी आहे. अक्काची मुले इंदूरला ती वाचतात. परवा नातवाने त्यात स्वतःच्या आजीचे नाव घालून पाहिले, तर ते २३ ठिकाणी निघाले. प्रत्येक ठिकाणी अण्णांनी सुनेची तब्येत विचारली होती. ही पत्रे आमच्याकडे वर्षानुवर्षे तारेला टोचलेली होती. आमच्यापैकी कोणीही ती काढून वाचली नव्हती. ज्या एका ओळीवरून आम्ही भांडलो, ती मात्र आम्हां दोघांना पाठ होती, आणि दोघांची पाठ वेगवेगळी होती. आपल्याही घरी अशी एखादी ट्रंक असेल, तर ती उघडा. टाइप करून ठेवा, आणि ठेवाल तेव्हा शुद्धलेखन सुधारू नका. लिहिणाऱ्याची चूक ही पुष्कळदा त्याची खूण असते.

दादा आता ८५ वर्षांचा आहे. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. त्याला ऐकू कमी येते, म्हणून मी प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतो. आपण नीट ऐकले की नाही हे पाहण्यासाठी तो ते उलट म्हणून दाखवतो. चुकले तर मी पुन्हा सांगतो. तासाच्या बोलण्याला दोन तास लागतात. इंदूरला त्या रात्री आम्ही एवढेच केले असते, तर शुभाला ३१६ पत्रे उतरून काढण्याचे कष्ट पडले नसते. आणि मग ती पत्रे कोणी वाचलीही नसती.